‘गेरसप्पा’ जहाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गेरसप्पा’ हे नाव निघालं की पहिला प्रश्न चांदीचा येतो. समुद्राच्या तळाशी सापडलेला खजिना म्हटल्यावर कुतूहल वाटणारच. पण या मालवाहू जहाजावर ८६ माणसं होती, त्यांतले बहुतेक हिंदी खलाशी होते आणि वाचला तो एकच. म्हणून या पानावर माणसांबद्दलचे प्रश्न आधी घेतले आहेत. चांदीसाठी आलात तर ती खाली आहे, पण मधलं टाळू नका.

नेमकं काय घडलं, थोडक्यात सांगाल?

डिसेंबर १९४० मध्ये ‘गेरसप्पा’ कलकत्त्याहून माल भरून इंग्लंडला निघालं. आफ्रिकेला वळसा घालून ते सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउन बंदरात पोहोचलं आणि तिथून एसएल-६४ या ताफ्यात सामील झालं. आयर्लंडच्या अलीकडे कोळसा कमी पडू लागला, म्हणून ते ताफा सोडून एकटंच गॉलवे बंदराकडे वळलं. १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री यू-१०१ या जर्मन पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. वीस मिनिटांत जहाज बुडालं. एका होडीतून ३१ जण निसटले. तेरा दिवसांनी ती होडी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली तेव्हा जिवंत बाहेर आले ते फक्त दुय्यम अधिकारी रिचर्ड एअर्स.

काही ठिकाणी तारीख १७ फेब्रुवारी दिली आहे. खरी कोणती?

घटना एकच आहे. जर्मन पाणबुड्यांची घड्याळं जर्मनीच्या वेळेवर चालत. त्या घड्याळात मध्यरात्र नुकतीच उलटली होती, म्हणून पाणबुडीच्या नोंदीत १७ तारीख पडली. जहाजावर अजून १६ तारखेची रात्र होती.

जहाज कोणाचं होतं? किती मोठं?

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, म्हणजे बंदरात जिला नुसतं ‘बी. आय.’ म्हणत तिचं. बांधणी १९१९ ची, इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठच्या पामर्स कंपनीच्या गोदीतली. नोंदणीचं टनेज, म्हणजे वजन नव्हे तर आतल्या जागेचं माप, ५,२३७ टन. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी एवढी जहाजं बुडवली की ब्रिटिश सरकारने भरपाईसाठी ठरावीक साच्यातली जहाजं धडाधड बांधायला घेतली. त्यांची नावं ‘वॉर’ या शब्दाने सुरू होत. हे जहाजही आधी ‘वॉर रोबक’ म्हणून बांधायला घेतलं होतं. ते पुरं होईपर्यंत युद्ध संपलं, बी. आय. ने ते घेतलं आणि आपल्या पद्धतीने नाव ठेवलं. पुढची वीस वर्षं ते कोळसा जाळत, माल वाहत राहिलं. डौलाचं जहाज नव्हतं ते. वयाची विशी उलटलेलं, जाडजूड पोटाचं, मंद चालीचं कामकरी जहाज होतं, आणि पुढे जे झालं त्यात या मंद चालीचा मोठा वाटा आहे.

हे नाव आपल्या गिरसप्पाच्या धबधब्यावरून का?

हो. शरावती नदीवरचा हा धबधबा आता जोग म्हणून ओळखला जातो. गेरसप्पा हे गाव त्या वेळी मुंबई इलाख्यातल्या उत्तर कानडा जिल्ह्यात होतं. बी. आय. च्या जहाजांना हिंदुस्थानातल्या नि आसपासच्या ठिकाणांची, शेवटी ‘आ’ येणारी नावं देण्याची रीत होती.

जहाजात काय काय भरलं होतं?

जवळजवळ ७,००० टन माल. त्यात बिडाचं लोखंड होतं, चहाच्या पेट्या होत्या, इतर किरकोळ माल होता, टपालाच्या थैल्या होत्या आणि चांदीच्या विटा होत्या. युद्धकाळातल्या ब्रिटनला यातली प्रत्येक गोष्ट हवी होती. लोखंड कारखान्यांना. चहाचं तर तिथे १९४० च्या उन्हाळ्यापासून शिधावाटप सुरू झालं होतं, माणशी आठवड्याला दोन औंस. आसामच्या मळ्यातला चहा लंडनच्या किटलीत पडायचा तर तो कुणीतरी टॉर्पेडोंच्या मधून न्यायला हवा होता. तो नेणारे बहुतेक आपल्याच उपखंडातले गरीब लोक होते.

कलकत्त्याहून इंग्लंडला जायचं तर सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा कशाला?

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रातून मालवाहू जहाजं नेणं फार धोक्याचं झालं. तेव्हापासून हिंदी महासागरातली वाहतूक केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. ही सगळी जहाजं फ्रीटाउनला गोळा होत, पाणी-कोळसा भरून घेत आणि तिथून ताफ्याने लिव्हरपूलकडे निघत. एसएल ही अक्षरं सिएरा लिओनची. एसएल-६४ ताफा ३० जानेवारी १९४१ रोजी फ्रीटाउनहून निघाला.

ताफा म्हणजे एकामागोमाग एक जहाजं, असंच ना?

तसं नाही. एकामागोमाग लांबलचक रांग लावली तर पाणबुडीला बाजूने हवं ते जहाज निवडून मारता येतं. म्हणून बऱ्याच आखूड रांगा शेजारी शेजारी ठेवत, प्रत्येक रांगेत तीन-चार जहाजं, आणि ताफ्याची रुंदी लांबीपेक्षा जास्त असे. एका जहाजावर ताफ्याचा प्रमुख, म्हणजे कमोडोर, बसे. बहुधा तो नौदलातून निवृत्त झालेला अधिकारी असे. बिनतारी संदेश शक्यतो पाठवायचे नाहीत, कारण शत्रू ऐकतो. बोलणं निशाणांनी आणि दिव्यांच्या खुणांनी. रात्री दिवे बंद. काळोखात, भरल्या समुद्रात, पुढच्या जहाजाचं फेसाळ पाणी बघत आपली जागा धरून ठेवायची. मालवाहू जहाजांच्या कप्तानांनी हे आयुष्यात कधी केलेलं नसे. त्यांचं सगळं शिक्षण दुसऱ्या जहाजापासून लांब राहण्याचं.

आणि ताफ्याचा वेग ठरतो सगळ्यात मंद जहाजावरून. तरीही एखादं मागे पडलंच तर ताफा थांबत नाही. थांबलेला ताफा म्हणजे पाणबुडीला आयतं लक्ष्य. एकासाठी सगळ्यांना धोक्यात घालायचं नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक असे, मागे पडणाऱ्यालासुद्धा.

मग ‘गेरसप्पा’ ताफा सोडून गेलंच का? कप्तानाची चूक होती का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. माझं उत्तर स्पष्ट आहे : चूक म्हणण्यासारखं काही दिसत नाही.

ताफा आठेक नॉटच्या, म्हणजे ताशी आठेक सागरी मैलांच्या, वेगाने चालला होता. शांत समुद्रात ‘गेरसप्पा’ला हे जमत होतं. फेब्रुवारीत उत्तर अटलांटिकमध्ये हवा बिघडली, मोठ्या लाटा सुरू झाल्या. गळ्यापर्यंत भरलेलं जहाज लाटेत शिरतं तेव्हा तेवढाच वेग राखायला बॉयलरला कितीतरी जास्त कोळसा घालावा लागतो. खाली आगवाले फावड्याने कोळसा लोटत असतात, बंकरमधला साठा उतरत असतो, आणि वर इंजिन अधिकारी आकडेमोड करत असतो की इतक्या वेगाने गेलो तर बंदर गाठण्याइतका कोळसा उरेल का. नाही उरला तर जहाज भर समुद्रात थंड पडणार. थंड पडलेलं जहाज म्हणजे बुडालेलंच समजा.

कप्तान जेरल्ड हायलंड यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, ताफ्यासोबत राहून कोळसा संपवायचा. दुसरी, वेग कमी करून, कोळसा पुरवत, जवळचं बंदर गाठायचं. १४ फेब्रुवारीला त्यांनी दुसरी वाट धरली. आयर्लंड तटस्थ देश होता आणि गॉलवे आवाक्यात वाटत होतं. वेग आता पाच नॉटवर आला. आयर्लंडच्या पश्चिमेचं पाणी त्या हिवाळ्यात पाणबुड्यांनी बुजबुजलेलं होतं.

हेही लक्षात घ्या की ताफ्यात राहणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे. फ्रीटाउनहून निघालेला एसएलएस-६४ हा धिम्या जहाजांचा जोडताफा संरक्षणाविनाच चालला होता. १२ फेब्रुवारीला ‘अ‍ॅडमिरल हिपर’ या जर्मन युद्धनौकेने त्याला गाठून सात जहाजं बुडवली.

एवढ्या मोठ्या समुद्रात पाणबुडीला एकटं जहाज सापडतं कसं?

१६ तारखेला सकाळी एक जर्मन विमान ‘गेरसप्पा’वर घिरट्या घालून गेलं. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर जर्मनांना अटलांटिकच्या तोंडाशीच बंदरं आणि विमानतळ मिळाले होते. बोर्दोजवळून चार इंजिनांची फॉके-वुल्फ विमानं उडत, जहाजांचा पत्ता काढत आणि पाणबुड्यांना कळवत. विमान घिरट्या घालून निघून गेलं की खाली सगळ्यांना अर्थ कळे. तो अख्खा दिवस त्या ८६ माणसांनी हे माहीत असताना काढला, आणि पाच नॉटच्या वेगाने त्यांना कुठेही पळता येणार नव्हतं.

यू-१०१ चा कप्तान होता एर्न्स्ट मेंगरसन. त्या काळच्या पाणबुड्या आजच्यासारख्या कायम पाण्याखाली राहत नसत. बॅटरीवर बुडी मारून त्या फार हळू आणि थोडाच वेळ चालत. पृष्ठभागावर मात्र डिझेलवर त्यांचा वेग सतरा नॉटपर्यंत जाई, म्हणजे ‘गेरसप्पा’च्या तिपटीहून जास्त. म्हणून रात्री वर येऊन हल्ला करायचा ही त्यांची पद्धत होती. काळोखात लाटांमधलं पाणबुडीचं बुटकं डोकं दिसत नसे, पाणबुडीला मात्र मालवाहू जहाजाची उंच काळी आकृती आभाळाच्या पार्श्वभूमीवर छान दिसे.

टॉर्पेडो उजव्या बाजूला, दोन नंबरच्या हॅचपाशी, म्हणजे मालाच्या खणाच्या तोंडापाशी, लागला.

धोक्याचा संदेश का गेला नाही?

स्फोटाच्या हादऱ्याने पुढची डोलकाठी कोसळली आणि तिच्यावर ताणलेली बिनतारी यंत्राची तार तुटून पडली. यंत्र होतं, चालवणारा होता, तार नव्हती. त्यामुळे ‘गेरसप्पा’ बुडालं हे किनाऱ्यावर कुणाला कळलंच नाही आणि कुणी शोधायलाही निघालं नाही. होडीतल्या लोकांना जी काही मदत करायची ती त्यांनीच एकमेकांना करायची होती.

होडीतल्या तेरा दिवसांत काय झालं?

तीन होड्या सोडल्या होत्या. पुढे हाती लागली ती एकच. तिच्यात ३१ जण होते : २३ हिंदी आणि ८ युरोपीय. कप्तान हायलंड त्यात नव्हते. सगळ्यात वरचा अधिकारी एअर्स, म्हणून सूत्रं त्यांच्याकडे आली.

जागा होती गॉलवेच्या नैर्ऋत्येला सुमारे ३०० मैलांवर, फेब्रुवारीच्या मध्यात. एअर्सनी शीड उभारलं आणि पूर्वेकडे, जमिनीच्या दिशेने होडी वळवली. होडीत ठेवलेली बिस्किटं आणि पिण्याचं पाणी मोजून वाटायला सुरुवात केली. काही दिवसांत बिस्किटांचा उपयोगच राहिला नाही. तोंडं इतकी कोरडी पडली की ती गिळता येईनात. आठवड्याच्या आसपास पाणीही संपलं. मग पावसाची वाट बघायची आणि पडलेला थेंब कापडातून चोखायचा. ओल्या अंगावर वारा, हातापायांना हिमदंश. काहींना तहान आवरली नाही, ते समुद्राचं पाणी प्यायले. समुद्राचं पाणी पोटात गेलं की शरीरातलं असलेलं पाणीही बाहेर पडतं, डोकं फिरतं, आणि माणूस तहानेने जायचा त्याहून लवकर जातो. एकेक जण गेला. त्यांना मागे राहिलेल्यांनी समुद्राच्या हवाली केलं.

१ मार्चला जमीन दिसली. ती होती इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची, कॉर्नवॉलमधली लिझर्डची किनारपट्टी. त्या वेळी होडीत सात जण जिवंत होते : चार हिंदी, दोन युरोपीय आणि एअर्स. कॅर्थिलियन नावाच्या छोट्या खाचेकडे त्यांनी होडी वळवली. हा किनारा वाळूचा नाही, उभ्या कड्यांचा आणि खडकांचा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांनी होडी लावली आहे त्यांना सांगायला नको की भर समुद्रापेक्षा किनाऱ्याची फुटती लाट जास्त घातकी असते. लाटेने होडी उलटी केली. तेरा दिवस तग धरलेली माणसं जमिनीपासून हाकेच्या अंतरावर बुडाली.

वर कड्यावर तीन मुली होत्या. बॉम्बहल्ल्यांमुळे शहरातून या गावी धाडलेली शाळकरी मुलं त्या वेळी सगळीकडे असत, त्यांतल्याच त्या. त्यांनी होडी पाहिली, एकीकडे आरडाओरडा करून पाण्यातल्या माणसांना धीर दिला आणि दुसरीकडे किनारारक्षकांना बोलावून आणलं. एअर्सच्या अंगात पोहायचं त्राण उरलं नव्हतं. दोर टाकून त्यांना ओढून घेतलं.

२३ पैकी चार हिंदी खलाशी त्या खाचेपर्यंत जिवंत आले होते. ही गोष्ट सांगताना ‘एकटे एअर्स वाचले’ असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्या चौघांनीही तेच तेरा दिवस काढले होते, तेवढाच समुद्र ओलांडला होता. मला वाटतं, त्यांचा उल्लेख दरवेळी झाला पाहिजे.

एअर्स यांचं पुढे काय झालं?

त्यांना एमबीई हा किताब आणि लॉइड्सचं युद्धातल्या शौर्याचं पदक मिळालं. बरे झाल्यावर ते त्याच वर्षी पुन्हा जहाजावर रुजू झाले. १९९२ मध्ये ते वारले.

मृतदेह मिळाले का?

किनाऱ्याला लागले त्यांना जवळच्याच लँडेवेडनॅक गावी, सेंट विनवालो चर्चच्या आवारात पुरलं आहे. जहाजाचा बिनतारी अधिकारी तिथेच आहे. त्याचं वय अवघं १८ होतं. बाकी सगळ्यांची समाधी समुद्रच.

या जहाजावरचे हिंदी खलाशी कोण होते? मराठी माणसं होती का?

ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांना साहेब लोक ‘लास्कर’ म्हणत. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या मनुष्यबळाचा सुमारे चौथा हिस्सा हिंदी उपखंडातला होता. जहाजावर त्यांचे तीन गट असत. डेकवर खलाशी, त्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारे सुकाणी. खाली इंजिनात आगवाले आणि कोळसेवाले. तिसरा गट खानपानाचा : भंडारी, बटलर, नोकर.

कोणत्या बंदरातून भरती होते यावर माणसं कुठली ते ठरे. कलकत्त्यात भरती होणारे बहुतेक सिल्हेट, नोआखाली, चितगाव या पूर्व बंगालच्या भागातले. मुंबईत भरती होणाऱ्या डेकवरच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातले, विशेषतः कोकणी मुसलमान, फार मोठ्या संख्येने. स्वयंपाकघर आणि जेवणघर बहुतांशी गोव्याच्या माणसांकडे. ‘गेरसप्पा’ कलकत्त्याहून सुटलेलं जहाज, म्हणून तिथे पूर्व बंगालची वर्दळ धरायची. पण त्याच कंपनीच्या, त्याच वर्षांत बुडालेल्या मुंबईच्या जहाजांवर रत्नागिरीकर आणि गोवेकर होते. दाभोळ, बाणकोट, जयगड, राजापूरच्या खाड्यांवर अशी घरं आहेत जिथे आजोबा ‘लढाईत बोटीवर गेले’ एवढंच माहीत असतं.

टॉर्पेडो लागल्यावर सगळ्यात कमी संधी कुणाला, हे या रचनेतच ठरलेलं होतं. आगवाले पाण्याच्या रेषेखाली, बॉयलरपाशी. वर यायला उभ्या लोखंडी शिड्या. दिवे गेले, वाफेचे नळ फुटले, आणि जहाज बुडायला एकूण वीस मिनिटं.

त्यांना पगार किती मिळे?

त्याच जहाजावरच्या, त्याच कामाच्या ब्रिटिश खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. राहायची जागाही त्याच हिशोबाने कमी. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले : धोका सारखाच, तर पगार वाढवा, युद्धभत्ता द्या. कित्येकांना तुरुंगात घातलं, पण पगार काही प्रमाणात वाढवावा लागला. खलाशी मुकाट्याने मरायला गेले असं चित्र रंगवणाऱ्यांनी हा संप वाचायला हवा. त्यांना धोका पुरता माहीत होता, त्याची किंमतही त्यांनी मागितली होती.

पाणबुडीचं पुढे काय झालं?

यू-१०१ १९४३ मध्ये सेवेतून बाहेर काढली आणि मे १९४५ मध्ये, जर्मनी शरण जाण्याच्या बेतात असताना, जर्मनांनीच बुडवली.

आता चांदी. ती कोणाची, कुठे सापडली, किती?

चांदीचा युद्धविमा ब्रिटिश सरकारने उतरवला होता. जहाज बुडाल्यावर भरपाई दिली गेली आणि चांदीचा मालकी हक्क सरकारकडे आला. १९८९ मध्ये ती काढण्यासाठी सरकारने निविदा मागवल्या, पण त्यातून काही हाती आलं नाही. २०१० मध्ये फ्लोरिडातल्या ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या कंपनीशी करार झाला : खर्च आणि जोखीम कंपनीची, खर्च वजा जाता उरलेल्या किमतीतला ८० टक्के वाटा कंपनीचा.

२०११ च्या उन्हाळ्यात जहाज सापडलं, सुमारे ४,७०० मीटर खोल. ‘टायटॅनिक’ आहे त्याहूनही जवळजवळ एक किलोमीटर खाली. कळसूबाईवर कळसूबाई, त्यावर आणखी एक कळसूबाई ठेवलं तर साधारण तेवढी खोली होईल. जहाज तळावर सरळ बसलेलं होतं. बाजूला टॉर्पेडोचं भगदाड, मालाचे खण उघडे, आत चहाच्या पेट्या. लांबी, खणांची संख्या, नांगराचा प्रकार, रंगाच्या खुणा जुळवून ओळख पटवली. याच मोहिमेत बी. आय. चंच ‘मँटोला’ हे पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१७ मध्ये, पाणबुडीने बुडवलेलं जहाजही सापडलं.

इतक्या खोलीवर बुडी मारणाऱ्या माणसाचं काम नाही. दोराने जोडलेली यंत्रं खाली सोडून, वरच्या जहाजात पडद्यासमोर बसून काम चाललं. २०१२ मध्ये १,२१८ विटा वर आल्या, २०१३ मध्ये १,५७४. एकूण २,७९२ विटा, सुमारे ११० टन चांदी. विम्याच्या कागदावर विटा होत्या २,८१७. म्हणजे पाऊण शतकानंतर, पावणेपाच किलोमीटर पाण्याखालून, ९९ टक्के चांदीचा हिशोब लागला. त्यातल्या काही चांदीची ब्रिटनच्या शाही टांकसाळीने नाणी पाडली, कडेवर जहाजाचं नाव असलेली.

पत्रं सापडली असं ऐकलं. पाण्यात कागद टिकतो कसा?

चांदी काढताना टपालही हाती लागलं : ७०० हून अधिक पत्रं. तिथे उजेड नाही, प्राणवायू जवळजवळ नाही, थंडी कायम आणि वर गाळाचा जाड थर. कागद खाणारे जीव तिथे पोहोचू शकले नाहीत. तज्ज्ञांनी ती हळूहळू सुटी करून जतन केली. लंडनच्या टपाल संग्रहालयाने २०१८ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं.

बहुतेक पत्रं १९४० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली, हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी मायदेशी आणि अमेरिकेला लिहिलेली. सैनिकांची घरच्यांना, व्यापाऱ्यांची गिऱ्हाइकांना, नाताळच्या शुभेच्छा, लग्नाच्या गोष्टी. कलकत्त्याहून चांदी गेली हे ऐकून मला जितकं वाटलं नव्हतं तितकं ही पत्रं वाचून वाटलं. उत्तर का आलं नाही, याचा विचार करत कित्येकांनी ते वर्ष काढलं असेल. आणि जहाज चालवणाऱ्यांची घरंही तशीच वाट बघत होती. त्यांच्याकडे पत्रं लिहिण्याइतकं अक्षरज्ञान बहुधा नव्हतं. बातमी कंपनीच्या कचेरीतून, महिन्यांनी, कुणीतरी वाचून दाखवली तर.

जहाज ही कबर नाही का? तिला हात लावणं योग्य होतं?

कायद्याने यात अडचण नव्हती : चांदीच्या मालकाने करार करून ती काढून घेतली. योग्य होतं का, यावर माणसांची मतं वेगळी असतील. माझं मत असं की चांदी काढण्यात पाप नव्हतं. पत्रं वर आली याचा तर आनंदच आहे. मला खटकतं ते वेगळंच. विटांची संख्या प्रत्येक बातमीत अचूक छापून आली. मेलेल्या ८५ जणांत हिंदी किती, ते कुठले, हे त्याच बातम्यांत शोधून बघा. ‘कर्मचारी’ या एका शब्दात ते मावले.

मुंबईशी थेट संबंध असलेलं असं जहाज कोणतं?

‘तिलावा’. तेही बी. आय. चंच, प्रवासी आणि माल दोन्ही नेणारं. २० नोव्हेंबर १९४२ ला ते मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघालं, ताफ्याशिवाय, एकटं. २३ तारखेला हिंदी महासागरात जपानच्या आय-२९ पाणबुडीने त्याला बुडवलं. २८० जणांचा अंत झाला. ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने शेकडो लोकांना वाचवून २७ तारखेला मुंबईत आणलं. त्यातही चांदी होती, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची : २,३६४ विटा. त्या २०१७ मध्ये काढल्या गेल्या आणि काढणाऱ्या कंपनीने मोबदल्यासाठी लावलेला दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला.

आमच्या घरातलं कुणी लढाईत बोटीवर गेलं होतं. नाव कुठे शोधायचं?

सुरुवात मुंबईतून करा. मस्जिद स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर इंडियन सेलर्स होम आहे. समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या हिंदी नाविकांचं दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक तिथे आहे. नौदलातले चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ ६,००० जण. नावं भिंतीवर कोरलेली नाहीत, नोंदवहीत आहेत. तशीच दुसरी वही चितगावच्या स्मारकात आहे. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर जहाजांच्या नावाखाली जी नावं दिसतात ती ब्रिटिश खलाशांची. आपली माणसं तिथे शोधून निराश होऊ नका.

घरी बसून शोधायचं तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. तिथे आडनावाच्या भरवशावर राहू नका. नावं बंदरातल्या कारकुनांनी कानाला पडली तशी इंग्रजीत उतरवली आहेत. एकच इब्राहिम चार प्रकारे लिहिलेला सापडेल. कोकणातल्या माणसाचं आडनाव गाळून वडिलांचंच नाव लावलेलंही आढळतं. जहाजाचं नाव आणि मृत्यूची तारीख हाती असेल तर त्यावरून यादी काढा आणि मग नावं वाचत जा. काही नोंदींत वडिलांचं किंवा बायकोचं नाव आणि गावही दिलेलं असतं. घरात खलाशाचं जुनं पुस्तक, कंपनीचं पत्र किंवा पेन्शनचा कागद असेल तर आधी तो नीट बघा : त्यावरचा क्रमांक आणि जहाजाचं नाव टिपून घ्या, कागदाचा फोटो काढून ठेवा, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कोरड्या पाकिटात ठेवा.